माउजरची पावती

दसऱ्याच्या दिवशी पाटावर मांडलेल्या पिस्तुलाचा फोटो श्रुतिकानं मोबाइलच्या स्टेटसवर चढवला, आणि चहाचं आधण उकळायच्या आत खाली शेरा आला, "प्लास्टिकचं आहे का गं?"

शेरा ज्योत्स्नाचा होता. ज्योत्स्ना म्हणजे धानाच्या मिलवाल्या दुलीचंदांची सून. तो आजीला वाचून दाखवायची काही गरज नव्हती, पण श्रुतिका पडली वीस वर्षांची. तोंडात तीळ भिजत नाही. तिनं वाचला आणि वर हसली.

सीताबाई हसल्या नाहीत. बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडीच्या बाजूच्या त्या गावात त्यांचं घर विचारलं तर लोक आडनाव सांगत नाहीत, "पिस्तूलवाल्याइचं घर" सांगतात. शंभर वर्षांपासून सांगतात. सीताबाईंचे आजेसासरे फकिराजी पहिल्या महायुद्धात फौजेबरोबर खेचरं हाकत बसऱ्याला गेले आणि येताना शत्रूच्या अफसराच्या कमरेचं माउजर पिस्तूल हिसकून घेऊन आले, लाकडी पेटीसकट. तेव्हापासून दर दसऱ्याला घरातल्या बाया ते पेटीतून काढतात, तेल-शेंदूर चोपडतात, मूठ तेवढी बाहेर ठेवून तांबड्या फडक्यात गुंडाळतात, आणि पुरुष लांबून हात जोडतात. एका बाजूला विळे-पावशी, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरची चावी, मधोमध माउजर. अशा वस्तूला प्लास्टिक म्हणायचं. आणि म्हणायचं कुणी, तर जिच्या सासऱ्याची दुनाळी बंदूक आजवर एका सशावरही उडालेली कुणी पाहिली नाही, तिनं.

"लिही तिले," सीताबाई म्हणाल्या.

"काय लिहू?"

"असली माउजर आहे म्हणा. लढाईतलं. चालू आहे. पाहाले ये, पण नळीसमोर उभी राहू नको."

श्रुतिकाला मराठी लिहायचा कंटाळा. तिनं हिंदीत लिहिलं, "असली माउजर, 1916 का, चालू हालत में." मग तिला स्वतःलाच उत्सुकता लागली आणि ती मोबाइलमध्ये माउजर शोधत बसली. हे दुसरं दुखणं.

"आजी, हे पाय. जर्मनीत बनलं होतं. अठराशे शहाण्णवपासून. दहा गोळ्या, चापाच्या समोर त्याइचा कप्पा. अन् याची लाकडी पेटी आहे न, ते मागून जोडली का खांद्याले लावाची बंदूक होते."

"मले काय सांगतं? मी पंचावन्न वर्सं पुसून राह्यलो."

"मुठीवर लाल नऊ कोरला असते. आपल्याबी आहे."

"नऊ दुश्मन मारले होते फकिराजीनं. म्हणून नऊ."

श्रुतिका चाचरली. "आजी, इथं लिहिलं आहे का ते नऊ एमएमच्या गोळीची खूण आहे. असे दीड लाख पिस्तुलं होते. सगळ्याइवर नऊ."

"मंग सगळ्याइनंच नऊ-नऊ मारले असतीन," सीताबाई म्हणाल्या. "लढाई होती ते. मंडई नाही."

एवढ्यावर थांबायचं, तर पोरगी पुढं म्हणते, "मूठ गोल आहे न, म्हणून इंग्रज त्याले झाडूची मूठ म्हणत."

सीताबाईंनी कपबशी खाली आपटली. ज्या वस्तूला आपण देवापुढं ठेवतो तिला सातासमुद्रापलीकडचे लोक झाडू म्हणतात, आणि ते नातीच्या तोंडून ऐकायचं. ही शिकवणी बालाघाटच्या कॉलेजात फी भरून मिळते.

आजीचा राग उतरावा म्हणून श्रुतिकानं सिनेमे दाखवले. माउजर सगळीकडं होतं. चंबळच्या डाकूच्या हातात माउजर, गोऱ्या अफसराच्या हातात माउजर, चिनी सिनेमात दोन्ही हातांत एकेक माउजर. सीताबाईंनी चष्मा लावून एकेक तुकडा पाहिला.

"आमचं पिस्तूल या लोकाइले देल्लं कोनं?"

"तुमचं नाही आजी, तसंच दुसरं."

"अन् दरवेळी हरामखोराच्याच हातात काहून? हिरोले हात नाही का?"

तेव्हा श्रुतिकानं आभाळातल्या लढाईचा एक विलायती सिनेमा काढला. त्यात एक देखणा माणूस विमानासारख्या कशात तरी बसला होता, आणि त्याच्या कमरेला माउजरच, फक्त वर दुर्बीण लावून वेगळं केलेलं. सीताबाईंनी ते दोनदा पाहिलं. "हा बरा आहे," त्या म्हणाल्या. "पोराच्या घरी बाया असतीन. पिस्तूल सफा ठेवलं आहे."

या सगळ्यात दोघीही एक गोष्ट विसरल्या. विधानसभेची निवडणूक लागली होती, आचारसंहिता चालू होती, आणि ज्याच्या घरी बंदूक त्यानं ती ठाण्यात जमा करायची होती. "चालू हालत में" हे तीन शब्द कुणीतरी ठाण्यात पोचवले. कुणी पोचवले ते सीताबाईंना विचारायचीही गरज नव्हती; धानाच्या मिलचा भोंगा त्यांच्या घरापर्यंत ऐकू येतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी राजेंद्र नावाचा हवालदार मोटारसायकल उभी करून ओट्यावर आला.

"माताराम, आपके यहाँ कोई पिस्टल है?"

आत प्रेमलाल शाळेत जायला शर्ट घालत होता. सीताबाईंचा मुलगा, प्राथमिक शाळेतला मास्तर, पहिलीतल्या पोरालाही 'जी' म्हणणारा. त्याचा हात बाहीतच अडकला.

सीताबाईंनी हवालदाराच्या मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"एकटाच आला का तू?"

"जी?"

"दुलीचंदच्या दुनाळीसाठी साहेबाचा फोन येते. अन् बसऱ्याहून आलेल्या माउजरसाठी एक हवालदार. तुह्या साहेबाले सांगजो, सीताबाईनं इचारलं आहे."

राजेंद्रला त्या दिवशी अजून अकरा गावं करायची होती. तो नरमाईनं म्हणाला की अम्मा, लायसनचं हत्यार असेल तर ठाण्यात जमा करा, पावती मिळेल, निवडणूक झाली की परत. पावती म्हटल्यावर सीताबाईंचे कान उभे राहिले. दर निवडणुकीला दुलीचंद ती पावती सदऱ्याच्या वरच्या खिशात, अर्धी बाहेर ठेवून गावभर फिरतात. जुन्या जमीनदार मालगुजारांचा नातू फिरतो, ठेकेदार फिरतात. पिस्तूलवाल्यांच्या घरी मात्र आजवर सरकारचा एक कागद नाही.

"आजच येतो," सीताबाई म्हणाल्या.

हवालदार गेल्यावर प्रेमलाल बाहेर आला. त्याचा चेहरा फळ्यावरून खडू पुसल्यासारखा झाला होता.

"माय, राहू दे न. आपण सांगू, हरवलं म्हणून."

"हरवलं? पिस्तूल का चप्पल आहे, का देवळाबाहेर काढली अन् हरवली?"

"माय, लायसन नाही आपल्यापाशी."

"काहून नाही? तुह्या बाच्या ट्रंकेत आहे."

ट्रंकेत खरंच एक पुस्तिका होती. उधईनं दोन कोपरे खाल्लेले, पण ठप्पे शाबूत. लायसन हा इंग्रजी शब्द तेवढा प्रेमलालला ओळखू आला. पुढचं वाचायला त्याला चष्मा लागायचा आणि माय ऑटोत जाऊन बसली होती.

ठाण्यात त्या दिवशी जत्रा होती. एकसष्ट हत्यारं पाचच्या आत लिहून जिल्ह्याला यादी पाठवायची होती. बाकांवर सगळे बंदूकवाले बसलेले, प्रत्येकाच्या मांडीवर कापडात बांधून आणलेलं लांबोडकं. जसं बायका मंडईच्या मेळ्यात लेकराला मांडीवर घेऊन बसतात, तसे. दुलीचंदांनी सीताबाईंकडं पाहिलं, मांडीवर पेटीसकट बांधलेल्या तांबड्या फडक्याकडं पाहिलं.

"वहिनी, तुमीबी?"

"हौ. आमीबी."

"आमची तर खानदानी आहे, सांभाळा लागते. तुमचं ते दसऱ्याचं कशाले आनलं?"

सीताबाई उत्तर देणार, तेवढ्यात ठाण्याच्या कारकुनानं, मुंशीनं, हाक मारली. मुंशीनं मान वर केली नाही. मेक? माउजर. बोर? नऊ, श्रुतिकानं सांगितलेलं. हालत? चालू. लायसन नंबर? सीताबाईंनी पुस्तिका पुढं केली, मुंशीनं पहिल्या पानावरचा आकडा उतरवला. गठडी उघडायचं त्याच्या मनातही आलं नाही; ती तेल-शेंदरानं माखलेली होती आणि त्याच्या रजिस्टरला डाग पडला असता. लाख लावली, चिठ्ठी बांधली, पावती फाडली. "माउजर पिस्टल, एक नग, चालू हालत."

सीताबाईंनी पावती दोन वेळा वाचून घेतली. गावात आल्यावर त्या घरी उतरल्या नाहीत. ऑटो मिलच्या रस्त्यानं घ्यायला लावली, आणि ज्योत्स्ना अंगणात होती तिथं थांबवली.

एकच दिवस हा मान टिकला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता ठाण्याची गाडी दारात आली. या वेळी राजेंद्रबरोबर आणखी दोघं होते, आणि खुद्द ठाण्याच्या इन्स्पेक्टरांनी, टीआय साहेबांनी, आई-मुलाला बोलावलं होतं. सीताबाईंनी इरकली लुगडं नेसलं. "आता समजली त्याइले किंमत," त्या प्रेमलालला म्हणाल्या.

किंमत समजली होती हे खरं. टीआयच्या टेबलावर यादी होती, आणि यादीतल्या एका ओळीभोवती लाल गोल. दुलीचंद आणि दोघं-तिघं बंदूकवाले काही सह्या राहिल्या म्हणून बाकावर बसलेले. म्हणजे जे होणार ते चारचौघांत होणार.

"मास्टर साहब," टीआय म्हणाले, "नौ एमएम फौज का हथियार है. इसका लाइसेंस आम आदमी को मिलता ही नहीं. और माताराम ने जो लाइसेंस दिया है, वो घर में रेडियो रखने का है."

बाकावरून कुणीतरी खाकरलं.

"रेडिओचं असो नाही तं कशाचं," सीताबाई म्हणाल्या. "सरकारचा ठप्पा आहे का नाही? लायसन ते लायसन. रेडिओ इकला आमी, लायसन नाही इकलं."

टीआयनं कपाळ चोळलं आणि मुंशीला गठडी आणायला सांगितली. लाख फोडली. फडकं सोडलं, पेटी बाजूला ठेवली. शेंदराचा थर बोटभर जाड. टीआयनं मोटारसायकलच्या चावीनं नळीवर एक रेघ ओढली. शेंदूर गेला, काजळी गेली, आणि खाली पिवळसर सागवान निघालं.

आधी साहेब हसले, मग मुंशी हसला, मग बाक हसलं. दुलीचंदांचं हसणं सगळ्यांत उशिरा थांबलं. "वहिनी, चालू हालतमधी आहे म्हणे."

इथं दुसरी कुणी असती तर पदर तोंडाला लावून घरी आली असती. सीताबाईंनी पदर खोचला आणि पावती टेबलावर आपटली.

"हे वाचा साहेब. माउजर पिस्टल, एक नग, चालू हालत. तुमचाच ठप्पा, तुमचीच सही. मी माउजर देल्लं. तुमी लाकूड काढून राह्यले. रात्रीतून माउजर कोठी गेलं?"

हसणं बंद. पावतीची दुसरी प्रत कालच जिल्ह्याला गेली होती.

"माताराम, मैंने तो खोला ही नहीं था—"

"मंग काहून लिहिलं? सरकारी कागदावर न पाहता लिहिते का तू? साहेब, शंभर वर्साचं पिस्तूल तुमच्या ठाण्यातून गेलं. मी जातो आता मोठ्या साहेबाकडं."

आणि त्या खरंच उठल्या. टीआय उठले, मुंशी उठला, राजेंद्र दारात आडवा झाला. या गोंधळात प्रेमलालला वाटलं की आता आपली माय पोलिसांवर चोरीचा आळ घेऊन सगळ्यांनाच बुडवणार. बावन्न वर्षांत पहिल्यांदा तो मोठ्यानं बोलला.

"ठाण्यात नाही बदललं साहेब. मी बदललं."

सीताबाई वळल्या.

"वीस वर्सं झाले. तवा जंगलातल्या नक्षल्याइपायी पोलिसाइची लय तपासणी चालू होती, घरोघर. मी नवा नवा लागलो होतो नोकरीवर. भेव लागलं. नागसेन सुताराकडून त्या पेटीच्या मापाचं सागाचं करून घेतलं. अन् असली मी रातच्या अंधारात, फडकं न सोडता, गोटा बांधून बावनथडीत फेकलं."

"असली?" टीआयनं विचारलं.

"हौ साहेब."

"मतलब असली था."

प्रेमलालला आपण काय बोलून बसलो ते समजायला वेळ लागला. तोवर टीआय बसले होते आणि त्यांनी कोरा कागद पुढं ओढला होता. फौजेचं हत्यार घरात लपवलं, हे एक. पुरावा नदीत टाकला, हे दोन. सरकारी नोकर असून, निवडणुकीच्या ड्यूटीवर असून, हे तीन. "राजेंद्र, नदी में उतरनेवाले गोताखोर का पता करो. जगह ये दिखाएँगे. मास्टर साहब, घर पर खबर कर दीजिए. आज जाना नहीं होगा."

प्रेमलाल बाकाचा काठ धरून उभा राहिला. त्याला मायकडं पाहायची हिंमत होईना. मायचं माउजर त्यानं बुडवलं, मायची अब्रू बुडवली, आणि आता स्वतः चालला होता.

पावती सीताबाईंच्या हातात होती. ती त्यांनी एकदा दुमडली, उलगडली, परत दुमडली. समोर दुलीचंद बसले होते, मालगुजारांचा नातू बसला होता, आणि हे लोक संध्याकाळपर्यंत चार गावांत पोचणार होते.

"गोताखोर नोका बोलावू," सीताबाई म्हणाल्या. "नदीत काही सापडत नाही."

"क्यों?"

"त्यानं फेकलं तेबी लाकडाचंच होतं."

प्रेमलालनं मान वर केली.

"तुले कसं माहीत?" प्रेमलाल म्हणाला.

"माह्या पहिल्या दसऱ्याले मी पुसाले घेतलं तं नळीतून भुसा पडला. लोखंडाले घुण लागते का? सासूबाईले दाखवलं. त्या म्हणे, सून म्हणून आली, आता आयकून ठेव अन् चूप राह्य. फकिराजीले तठी रानात लाकडी पेटी सापडली होती, खाली. आत काही नव्हतं. गावात आले तं लोक इचारत, पेटी आहे तं पिस्तूल कोठी? रोज इचारत. मंग त्याइनं फौजेत पाह्यलं होतं तसं लाकडाचं करून घेतलं. सासूले तिच्या सासूनं सांगितलं, मले सासूनं. घरातल्या बाप्याइले कोनी सांगत नव्हतं."

"काहून?" टीआयनं विचारलं. ते मराठीत बोलले हे त्यांच्याही लक्षात आलं नाही.

"त्याइची छाती फुगत होती न त्याच्यावर. तुमी सांगाल का, सांगा." त्यांनी प्रेमलालकडं पाहिलं. "अन् तू बदललं तेबी मले त्याच दसऱ्याले समजलं. नव्या सागाचा वास येते. अन् त्या नागसेननं नऊ उलटा कोरला."

"मंग बोलली काहून नाही माय?"

"तू बोलला?"

प्रेमलाल खाली बसला. वीस वर्षं त्याला दर दसऱ्याला ताप यायचा.

टीआयनं पेटी उचलून खिडकीपाशी नेली. आतल्या बाजूला कसलेसे विलायती शिक्के होते. "पेटी तो असली है," ते म्हणाले. कोरा कागद त्यांनी परत ड्रॉवरमध्ये ठेवला. लाकडी वस्तू, एक नग, मालकाला परत. पावती मात्र परत द्यावी लागेल, माताराम.

सीताबाईंनी ती दिली. देताना मुंशीच्या हातात नाही, टेबलावर ठेवली. ती ठेवताना त्यांचा हात एक क्षण वरच राहिला, आणि दुलीचंदांनी तो राहिलेला पाहिला.

"जाऊ द्या वहिनी," दुलीचंद म्हणाले, आवाजात साखर. "एखाद्याच्या घरी नसते असली."

सीताबाई फडक्याच्या गाठी बांधत राहिल्या. पण टीआयचं लक्ष तिकडं नव्हतंच. ते मुंशीकडं बघत होते, आणि मुंशी भिंतीकडं.

"तुमने ये गठरी बिना खोले रजिस्टर में चढाई."

"जी, तेल लगा था..."

"बाकी साठ में कितनी खोलीं?"

मुंशी रजिस्टरची पानं चाळू लागला.

"पिछले चुनाव में?"

मुंशीनं रजिस्टर मिटलं.

"सब निकालो," टीआय म्हणाले. "एक-एक खोलो. मालिक के सामने. और जो अभी यहाँ बैठे हैं, उन्हीं की पहले."

राजेंद्र आतून लांबोडक्या गठड्यांची मोळी घेऊन आला आणि टेबलावर टाकली. मालगुजारांच्या नातवाला फोन आला. वाजलेला कुणी ऐकला नाही, पण त्यानं उचलला आणि बोलत बोलत फाटकाकडं चालू लागला. ठेकेदार पानाच्या ठेल्याकडं गेला. दुलीचंदांनी रुमाल काढून मान पुसली.

"साहेब, मी जरा मिलवर जाऊन येतो. धानाची गाडी येऊन राह्यली."

प्रेमलालनं पेटी काखेत घेतली आणि मायचा हात धरला. "चाल माय. ऑटो उभी आहे."

सीताबाईंनी हात सोडवून घेतला. दुलीचंदांच्या शेजारी बाकावर जागा होती. त्या तिथं बसल्या, लुगड्याचा काठ नीट केला.

"बसा न दुलीचंदभाऊ," त्या म्हणाल्या. "गाडी काय, उद्याबी येईन. प्रेमलाल, जा, तिघाइचा चहा सांगून ये. भाऊचा बिनसाखरेचा."